कानाला चिमटा लावण्याआधी कान तपासून घ्या

बेळगावच्या वडगावहून एका लेकीचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं नेमकं तेवढं इथे देते:

‘डॉक्टरबाई, माझे वडील, आप्पा, ७१ वर्षांचे. चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढली. दीड वर्षापासून विसरतात. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतात, बोलता बोलता गप्प होतात. मागच्या महिन्यात शहापूरहून घरी येताना रस्ता चुकले, ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. बारा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन चालू आहे, अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची, झोपेची गोळी अधूनमधून. माळकरी आहेत. एकादशीच्या भजनाला कधी चुकत नव्हते, आता जात नाहीत. म्हणतात, ठेका सापडत नाही. आई म्हणते, वय झालं. परवा एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. कानाच्या पाळीला चिमटा लावून बारीक करंट देतात, त्यानं मेंदूच्या नसा जाग्या होतात आणि विसरणं थांबतं असं सांगितलं. आप्पांना वीस मिनिटं लावलं. त्या दिवशी घरी येऊन किती छान बोलले! यंत्राची किंमत ४२ हजार, शनिवारच्या आत घेतलं तर ३६. माझी पिग्मी, रोजची बचत, ३१ हजार जमली आहे, बाकीचं बांगडी ठेवून होईल. पुण्याचा भाऊ म्हणतो, सगळी फसवणूक आहे. आमचे हे म्हणतात, घेऊन टाक, पुढे मनाला रुखरुख नको. काय करू?’

ताई, शनिवार जाऊ द्या. यंत्र घेऊ नका, पिग्मी मोडू नका आणि बांगडी हातातच राहू द्या. हे आधी सांगते, कारण हे पान तुमच्या हाती पडेल तेव्हा शनिवार जवळ आलेला असेल.

पण भाऊ म्हणतो तसं ‘सगळी फसवणूक’ असं मी म्हणणार नाही. कानातून मेंदूपर्यंत वाट आहे हे खरं आहे. त्या वाटेवर जगभर चांगले लोक मनापासून काम करत आहेत आणि मलाही त्यातून काहीतरी निघावं असं फार वाटतं. शिबिरवाल्यानं त्या कामातलं अर्धं वाक्य उचललं आणि तुमच्या पिग्मीवर नेऊन ठेवलं, माझा राग तेवढ्यावर आहे.

आधी ती वाट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चिमटा घेऊन आला तर तुम्हीच त्याला प्रश्न विचाराल. कानाच्या भोकावर बोट टेकवा आणि सरळ वर सरकवा. मध्ये एक आडवी कड लागते. ती ओलांडली की वर छोटीशी खोलगट वाटी लागते, बोटाचं टोक जेमतेम मावेल एवढी. त्या कातडीखाली वेगस नावाच्या नसेची बारीक फांदी येते. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत, त्यातली ही दहावी. वेगस म्हणजे लॅटिन भाषेत भटकी, आणि नाव अगदी बरोबर आहे. मानेतून उतरते, हृदयाला भेटते, फुप्फुसांना भेटते, थेट आतड्यांपर्यंत जाते. तिच्यातले बहुतेक धागे, शंभरातले ऐंशीच्या आसपास, खालची खबर वर मेंदूला नेतात. काडीनं कान कोरताना काही लोकांना उगाच ठसका लागतो ना? तो ह्याच फांदीमुळे. कानात काडी हलते, मेंदूला वाटतं घशात काहीतरी अडकलं.

ही खबर वर गेली की मेंदूच्या बुंध्यात पोचते. तिथून पुढे एक बारीकसा पुंजका आहे, लोकस सेरुलियस नावाचा. नावाचा अर्थ ‘निळी जागा’. आपल्या बासमतीचं शिजलेलं शीत असतं तेवढा लांबट आणि बारीक. मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन पोचवायचं काम त्याचं. माणूस जागा, सावध राहतो, नवीन गोष्ट मनात ठसते, त्यात ह्या पुंजक्याचा मोठा हात आहे. अल्झायमर ह्या विसरण्याच्या आजारात टाऊ नावाचं खराब प्रथिन सगळ्यांत आधी जिथे दिसायला लागतं त्या जागांपैकी ही एक, आणि तेही विसरणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणून संशोधकांना वाटलं, वेगसला बारीक झटके देऊन ह्या पुंजक्याला कामाला लावलं तर? विचार चांगला आहे. मला तो पटतो.

आता हा विचार कुठवर आलाय ते ऐका. सुरुवातीला वेगसला करंट द्यायचा तर ऑपरेशन करावं लागे. छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची आणि मानेतल्या नसेला तार गुंडाळायची. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये फिट्ससाठी मान्यता मिळाली, २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आणि २०२१ मध्ये पक्षाघातानंतर हात पुन्हा चालवायच्या व्यायामाला जोड म्हणून. स्वीडनमध्ये २००२ साली अल्झायमरच्या दहा रुग्णांवर हे करून पाहिलं. बरेच जण काही महिने टिकून राहिले, काहींचे गुण थोडे वाढलेसुद्धा. लोकांना आशा वाटली. पण माणसं दहाच होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पुढे ऑपरेशन न करता बाहेरूनच करंट द्यायची यंत्रं आली, काही मानेवर धरायची, काही कानात लावायची. मानेवर धरायच्या एका यंत्राला २०१७ मध्ये एका प्रकारच्या भयंकर डोकेदुखीसाठी मान्यता मिळाली. कानातल्या यंत्रांचे विसरण्यावर अभ्यास झालेत, त्यात काही ठिकाणी स्मरणाच्या चाचणीत सुधारणाही दिसली. पण गट लहान, काळ थोडा, आणि करंट किती, किती वेळ, कुठल्या कानाला, सगळंच प्रत्येकाचं वेगळं. घरी आणून लावावं आणि विसरणं थांबावं, एवढं ह्यातून अजून हाती आलेलं नाही.

आणि ताई, एक गोष्ट वाचून तर मी तुमचं पत्र खाली ठेवलं. ‘कानाच्या पाळीला चिमटा’ असं तुम्ही लिहिलंय. ह्या अभ्यासांत दोन गट करतात. एकाला त्या वरच्या वाटीत किंवा भोकासमोरच्या उंचवट्यावर करंट देतात. दुसऱ्याला खोटा इलाज देतात, म्हणजे यंत्र तेच, मुंग्या येतात त्याही तशाच, पण जागा वेगसची नाही. मग खोट्या इलाजासाठी पुष्कळदा कुठली जागा निवडतात? कानाची पाळी! कारण पाळीला जाणारी नस वेगळी, ती मानेतून येते. शिबिरात आप्पांना जिथे चिमटा लावला, तिथे संशोधक मुद्दाम खोटा इलाज करतात. यंत्र विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, नाहीतर ठाऊक असून त्यानं सांगितलं नसेल. दोन्ही वाईटच.

तुम्ही विचाराल, मग त्या दिवशी आप्पा छान बोलले ते कसं? ते बोलले हे खरंच आहे, तुमच्या डोळ्यांवर शंका घेऊ नका. पण त्या दिवशी काय काय झालं ते पुन्हा आठवून बघा. बऱ्याच दिवसांनी धुतलेलं धोतर-सदरा घालून बाहेर पडले. लेक शेजारी बसली. एक माणूस त्यांच्यासमोर, तोंडाकडे बघत, मोठ्यानं, सावकाश वीस मिनिटं बोलला. चहा झाला. शिवाय विसरण्याच्या सुरुवातीला चांगले दिवस आणि वाईट दिवस असतातच. तुम्ही त्या दिवशी चांगल्या दिवसाची वाट बघत होता, आणि तो आला.

‘समोर बसून मोठ्यानं’ हे शब्द धरून ठेवा. कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ठेका सापडत नाही.

भजन विसरलेला माणूस म्हणतो, अभंग आठवत नाही. आप्पा म्हणतात, ठेका सापडत नाही. चाळीस वर्षं लूमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं हे वाक्य आहे. तुम्ही त्याच घरात वाढलात, तुम्हाला काय सांगायचं? सूत नेणारा धोटा एकीकडून दुसरीकडे आपटतो, बारा-बारा तास, आणि एका खोलीत असे चार-चार लूम. अशा शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. ८५च्या वर रोज आठ तास राहिलं तरी कानातले नाजूक केस मरायला लागतात आणि मेलेले पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, तीव्र आवाज जातात: टाळांचा किणकिणाट, बाईमाणसाचा आणि पोरांचा आवाज, बोलण्यातले स, श, त, क. माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. चारचौघांत तर काहीच धड लागत नाही. मग तो एकच गोष्ट तीनदा विचारतो. बोलता बोलता गप्प होतो. भजन सोडतो. घरचे म्हणतात, आप्पा विसरायला लागले. जे धड ऐकूच आलं नाही ते लक्षात तरी कसं राहील?

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी किंवा लांबवता येण्याजोगी १४ कारणं मोजली. सगळी मिळून जवळजवळ ४५ टक्के भार त्यांचा. मध्यमवयापासूनचं कमी ऐकू येणं आणि वाढलेलं खराब कोलेस्टेरॉल, ही दोन त्या यादीत सगळ्यांत वर आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये एक मोठी चाचणी पुरी झाली, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर श्रवणयंत्रानं फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात श्रवणयंत्र लावणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. शुगर असलेले, वय सत्तरीच्या पुढचे आप्पा मला त्या गटाच्या जवळचे वाटतात.

म्हणून पहिलं काम: कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. आधी मळ बघायला सांगा, कधी कधी दोन्ही कानांत मळाचा बोळा बसलेला असतो आणि तो काढल्यावर माणूस दचकून आजूबाजूला बघायला लागतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, करा. श्रवणयंत्र लागलं तर किमतीला घाबरू नका. साध्या यंत्रांची किंमत त्या चिमट्यापेक्षा पुष्कळ कमी असते. शिवाय केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ पासून. साठीच्या पुढच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना पंधरा हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना श्रवणयंत्र मोफत मिळतं. जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण खात्यात विचारा. यंत्र आणल्यावर पहिले तीन आठवडे आप्पा ते काढून ठेवतील. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळं अंगावर येतं. रोज थोडा थोडा वेळ लावा, आधी घरातल्या शांत खोलीत. पहिल्याच आठवड्यात यंत्र कपाटात जातं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

दुसरं काम रक्ताचं. आप्पा माळकरी, म्हणजे मटण-मासे-अंडी नाहीत. वर बारा वर्षं मेटफॉर्मिन आणि रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी. ह्या तिन्ही गोष्टी बी-१२ खाली आणतात. बी-१२ कमी झालं की विसरणं, चिडचिड, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, सगळं येतं, आणि वेळेत सापडलं तर इंजेक्शनं देऊन बरंचसं परतही येतं. त्यासोबत थायरॉइड, सोडियम, किडनी, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची शुगर. शुगर खाली जाण्याचे झटके येत असतील तर तेही डोकं गोंधळवतात. मी स्वतः डॉक्टर असून माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आठ महिने ‘वय झालं’ म्हणत बसले. शेवटी निघाला थायरॉइड. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बाकी काही नाही. त्या आठ महिन्यांत त्या स्वयंपाकघरात यायच्या, दार धरून उभ्या राहायच्या आणि परत फिरायच्या. तुमच्या आईंनाही हे वाचून दाखवा. वय झालं म्हणजे नाव आठवायला वेळ लागतो. ओळखीचा रस्ता चुकत नाही.

झोपेची गोळी कुठली आहे ते बघा. मेडिकलमधून परस्पर आणलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. पण एकदम बंद करू नका, काही गोळ्या हळूहळू उतरवाव्या लागतात. सर्दीच्या, खाजेच्या, लघवी सारखी होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनीही म्हातारं डोकं धुकट होतं. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, काढे, चूर्णं एका पिशवीत घाला आणि पिशवीच टेबलावर उपडी करा. तोंडी सांगण्यात अर्ध्या राहून जातात.

आता जे लिहिताना माझा हात जड होतोय, तेही लिहिते. शहापूरहून वडगावला येताना रस्ता चुकणं कानांनी होत नाही. त्या रस्त्यावरून आप्पा आयुष्यभर सायकलवर सूत घेऊन गेले असतील. बी-१२, थायरॉइड, गोळ्या, कान, हे सगळं करूनही ते पुन्हा रस्ता चुकले, तर डोक्याचा स्कॅन आणि मेंदूच्या डॉक्टरांची तपासणी लागेल. अल्झायमर निघू शकतो, किंवा डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यानं होणारा प्रकार. अल्झायमरची औषधं आहेत. ती रोग थांबवत नाहीत, काही लोकांना काही काळ थोडा आधार देतात. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत आप्पा पडले असतील, डोक्याला लागलं असेल, किंवा चार दिवसांत एकदम बिघडले असतील, तर ह्यातलं काहीही क्रमानं करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. डोक्यात सावकाश साचलेलं रक्त काढता येतं.

कुठे जायचं, हा प्रश्न आपल्याकडे मोठाच. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे. धारवाडला डिम्हान्स ही मेंदू-मनाच्या आजारांची संस्था आहे. कर्नाटक सरकार आणि बेंगळुरूची निम्हान्स, तशीच पण मोठी संस्था, मिळून २०२२ पासून मेंदूच्या आरोग्याचा उपक्रम चालवतात, आणि त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी ब्रेन हेल्थ क्लिनिक सुरू झाली. बिम्समध्ये ‘ब्रेन हेल्थ क्लिनिक कुठल्या वारी?’ असंच विचारा. जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६, दोन्ही मोफत.

दवाखान्यात स्मरणाची चाचणी होईल तेव्हा एक गोष्ट हट्टानं सांगा: आप्पांना मराठीतून विचारा. हे भाषेच्या वादाचं बोलणं नाही, तपासणीचं आहे. माझ्याकडे एक विणकर यायचे, खासबागचे. एका मोठ्या दवाखान्यात त्यांना विचारलं, ‘इवत्तु याव तारीखु?’ म्हणजे आज कुठली तारीख? ते म्हणाले, ‘वद्य नवमी.’ विचारणाऱ्या पोरानं शून्य दिला. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. बाजारापुरतं कन्नड त्यांना चांगलं यायचं, पण मनातला हिशोब मराठीत. शिवाय निम्मं ऐकूच आलं नव्हतं. तिथेही शून्य. कागदावर ‘मध्यम डिमेन्शिया’ लिहून आले. मी त्यांना समोर बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, मामा, सुताच्या शंभर कांड्या होत्या, सात संपल्या, राहिल्या किती? त्र्याण्णव. आणखी सात? शहाऐंशी. एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, न थांबता. हात मांडीवर असे हलत होते, जणू कांड्या उचलून बाजूला ठेवतायत. आणि त्या दिवशी खरोखरच वद्य नवमी होती, मी घरी जाऊन कॅलेंडर बघितलं. थोडं विसरणं त्यांना होतं, पण कागदावर लिहिलं तेवढं नव्हतं.

भाषेवरून आठवलं. हैदराबादला २०१३ मध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार साडेचार वर्षं उशिरा दिसला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येसुद्धा फरक होता. ह्यावरून भाषा शिकली की आजार टळतो असं कुणी म्हणू नये. पण आप्पांनी आयुष्यभर घरात मराठी आणि सुताच्या बाजारात कन्नड बोलून जी शिदोरी बांधली आहे, ती वाया घालवू नका. कन्नड बोलणारे जुने शेजारी-सोबती असतील तर त्यांच्याकडे नेऊन बसवा. घरात गप्प बसलेल्या माणसाला दोन्ही भाषा सुटतात.

बाकी नेहमीचं, थोडक्यात. ब्लडप्रेशर महिन्यातून एकदा मोजा आणि वही ठेवा. कोलेस्टेरॉल बघा. सकाळी अर्धा तास चालायला कुणीतरी सोबत जा, एकट्यांना आता पाठवू नका, आणि खिशात नाव-फोनची चिठ्ठी ठेवा. तंबाखू असेल तर ती सोडवायची. निपाणी जवळ असल्यानं आपल्याकडे तंबाखूला कुणी व्यसन मानतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वेगसबद्दल तुमचं मन अजून अडकलं असेल. तिला जागं करायची एक पद्धत आप्पांना आधीपासून येते. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद होते, लांब सोडताना सावकाश होते, आणि ती सावकाश करण्याचं काम वेगसचं. अभंगाची ओळ एका श्वासात लांबवून म्हणताना हेच चाललेलं असतं. त्यानं डिमेन्शिया बरा होतो असं मी लिहिणार नाही, यंत्रवाल्याला जो नियम तोच मला. पण भजनात माणसं असतात, ताल असतो, पाठांतर असतं, रात्री चालत घरी येणं असतं.

पुढे कधी एखाद्या मोठ्या संस्थेत कानातून करंट देण्याची चाचणी सुरू झाली आणि डॉक्टरांनी आप्पांचं नाव सुचवलं, तर मी ‘नको’ म्हणणार नाही. खऱ्या संशोधनात आधी कागद वाचून दाखवतात, सही घेतात आणि पैसे मागत नाहीत. त्याआधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या. वेगस हृदय सावकाश करते, म्हणून ज्यांची नाडी आधीच मंद आहे, ज्यांना पेसमेकर आहे, फिट येतात, किंवा डोक्यात-कानात धातूचं काही बसवलंय, त्यांनी विचारल्याशिवाय असं काही लावायचं नाही. एरवी कानातल्या यंत्रांचे त्रास किरकोळच असतात, कातडी लाल होणं, डोकं दुखणं, चक्कर. शिबिरात आप्पांची नाडी कुणी बघितली होती का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा नसावी.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मला कळतं. पुढे मनाला रुखरुख नको, ह्या एका वाक्यावर घरंच्या घरं कर्जात जातात. त्यांना सांगा, रुखरुख लागू नये म्हणूनच आधी कान आणि रक्त तपासतोय. आणि भावाला फक्त ‘फसवणूक आहे’ म्हणून सुटू देऊ नका. तो पुण्याहून येऊन ऑडिओमेट्रीच्या दिवशी आप्पांसोबत बसेल का, विचारा. तुम्ही एकट्याच पत्र लिहिताय, शिबिराला नेताय, पिग्मी मोजताय. हे मला दिसलं.

पिग्मीतले थोडे पैसे तपासण्यांना लागतील तेवढे काढा, बाकी राहू द्या. आप्पांना ह्यातलं काहीही लपवून करू नका. समोर बसा, तोंड त्यांच्याकडे करा, सावकाश बोला. ‘तुम्हाला विसरायला होतंय’ असं म्हणू नका. म्हणा, आप्पा, ठेका सापडत नाही म्हणता ना, चला कान दाखवून येऊ.

बी-१२चा आकडा आला की मला कळवा. आणि पुढच्या एकादशीला आप्पा गेले का, तेही.